बासीलियाने सही केली नाही

बासीलिया ओरेल्यानाला कुणी काम सांगितलं की ती आधी नाही म्हणायची, आणि मग ते काम दुसऱ्या कुणाला करूही द्यायची नाही. थाकोमायू गावातली माणसं हे ओळखून होती. बारा वर्षांपूर्वी शेतकरी संघटनेच्या सभेत तालुक्याच्या दवाखान्यातला माणूस आला. गावात बिंचूका किड्यांची नोंद ठेवायला एक स्वयंसेवक हवा, म्हणाला. पगार नाही, वर्षाला एक टोपी आणि एक टी-शर्ट मिळेल. सगळे पुरुष आपापल्या टायरच्या चपलांकडे पाहू लागले. संघटनेचा प्रमुख ताता क्रिस्पीन हसत म्हणाला, "दोन्या बासीलियाला द्या. एकटी बाई, तिला काय काम आहे?" तिकडे बाईला मानाने दोन्या म्हणतात आणि वडीलधाऱ्या पुरुषाला ताता.

"मला काय काम आहे?" बासीलिया उठली. "दोन वाफे कांदा, एक वाफा भुईमूग, चौदा मेंढ्या, आणि वर तुझ्यासारख्यांची तोंडं बंद करायची. पुरत नाही का एवढं? मी नाही करणार."

दुसऱ्या दिवशी ती चार तास चालत दवाखान्यात गेली आणि पिशव्या, वही, दारावर लावायची पाटी असं सगळं पाठीवरच्या गाठोड्यात बांधून घेऊन आली. टी-शर्ट एवढा मोठा होता की त्यात तिच्यासारख्या दोन बायका मावल्या असत्या. त्याची तिने उशीची खोळ शिवली.

तिच्या या नाही म्हणून होकार देण्यामागे एक मरण होतं. तिचा नवरा फोर्तुनातो शेहेचाळिसाव्या वर्षी गेला. आजारी नव्हता. भुईमूग उपटता उपटता ताठ उभा राहिला, कमरेवर हात ठेवले आणि आडवा झाला. शेजारच्या वाफ्यात बासीलिया त्याला कशावरून तरी बोल लावत होती. तिचं वाक्य संपायच्या आत तो संपला. गाव म्हणालं, देवाची इच्छा. तालुक्याच्या डॉक्टरने कागद लिहिता लिहिता विचारलं, "घर मातीचं? भिंतींना भेगा?" आणि मान न उचलता म्हणाला, "बिंचूका. लहानपणी चावली असणार. तीस-चाळीस वर्षं हृदय आतून पोखरत होता तो आजार."

बासीलियाला रडू आलं नाही, राग आला. हा किडा ती जन्मापासून बघत आली होती. अंगठ्याच्या नखाएवढा, करडा, दिवसा भिंतीच्या फटीत झोपून राहणारा. दिसला तर चपलेखाली चिरडायचा आणि विसरून जायचं, एवढीच त्याची किंमत. त्याने तिचा नवरा खाल्ला होता, आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या आईलाही नाही, आजीलाही नाही. ज्यांना ठाऊक होतं ते तालुक्याच्या गावात खुर्चीवर बसून होते. त्या रागावरच तिने पुढची बारा वर्षं काढली, असं म्हटलं तरी चालेल.

पहिली शिकवणी तिने चिचाच्या, म्हणजे मक्याच्या दारूच्या, गुत्त्यात घेतली, रविवारी दुपारी, पुरुषांची दुसरी फेरी चालू असताना. दारात उभी राहून म्हणाली, "ज्यांचा बाप उभ्या उभ्या गेला, त्यांनी हात वर करा."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. मग एक हात वर गेला. मग आणखी एक. अकरा हात झाल्यावर हसणारा गप्प बसला, कारण बारावा हात त्याचाच होता.

"देवाची इच्छा म्हणे," बासीलिया म्हणाली. "एकाच गावात बारा वेळा? देवाला दुसरं गाव सापडत नाही का?"

नंतर ती शाळेत जाऊ लागली. किडा झोपेत चावतो, रक्त पितो, आणि पोट भरलं की तिथेच हगतो. आपण झोपेत खाजवतो आणि ती घाण स्वतःच्या हाताने जखमेत चोळतो, नाहीतर डोळ्यात. "हा किडा तोंडाने मारत नाही, ढुंगणाने मारतो," असं ती सांगायची. मुलं बाकांवर लोळून हसायची. मास्तरांनी एकदा हळूच सुचवलं, की शब्द जरा बरा वापरता आला तर. "तुम्ही बरा शब्द वापरून किती वर्षं शिकवताय?" बासीलियाने विचारलं. "यातल्या एकाला तरी ठाऊक होतं का?" मास्तरांनी फळा पुसायला घेतला.

भिंतींच्या भेगा माती, गवत आणि निवडुंगाचा चीक कालवून लिंपा. खायला पाळलेले गिनीपिग स्वयंपाकघरातून बाहेर काढा, त्यांच्या गवतात किडे वाढतात. अंथरुणं उन्हात टाका. आणि किडा दिसला तर चिरडू नका, पिशवीत घालून माझ्याकडे आणा. हे सगळं ती सांगत राहिली आणि माणसं हो हो म्हणत राहिली. घोडं अडलं ते शेवटच्या गोष्टीवर. थाकोमायूत घरात बिंचूका सापडणं म्हणजे चारचौघांत बाईच्या वेणीत ऊ सापडण्यासारखं. बायका पिशवी आणायच्या ती शालीआड धरून, दार ओढून घ्यायच्या आणि कुजबुजायच्या, "घे बाई, पण नाव लिहू नकोस."

बासीलिया ऐकायची. जन्मात तिने कुणाचं इतक्या सहज ऐकलं नव्हतं, आणि नेमकं तिथेच चुकलं. वहीत तारीख असायची, किडा कुठे सापडला तेही असायचं: अंथरूण, भिंत, कोंबड्यांचा खुराडा. नावाचा रकाना पांढराच.

तपासणीचा दुसरा घोळ गावाने स्वतःच घातला होता. तालुक्याहून वर्षातून एकदा तपासनीस यायचा. आदालिद मोंतान्यो त्याचं नाव, पण बॅग घेऊन आणि बूट घालून येणाऱ्या प्रत्येक माणसाला गावात इंजिनियर म्हणतात, तसं त्यालाही म्हणायचे. तो येण्याची तारीख आधी कळवायचा. झालं! घरात परका माणूस येणार म्हटल्यावर थाकोमायूच्या बायका दोन दिवस आधी कंबर कसायच्या. गिनीपिग टोपल्यांत भरून ओढ्यापलीकडच्या खोपटात. अंथरुणं, खोगिरं, जुनी पोती, सगळं तिकडेच. पुढच्या खोलीच्या भिंती लिंपून वर चुना. जमिनीवर पाणी शिंपडून इतकं झाडायचं, की इंजिनियरच्या बुटांचे ठसे उठून दिसायचे. तो बिचारा प्रत्येक घरात विजेरी मारून बघायचा, उकडलेला मका आणि ल्याख्वाची चटणी खायचा आणि कागदावर शून्य लिहून जायचा. घरांत औषधाची फवारणी हवी म्हणून बासीलिया बोंबलत होती आणि किडे खोपटात ठेवून गाव पाहुणचार करत होतं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, दुसरं काय!

या सगळ्यांत सर्वांत स्वच्छ घर सेनोबिया कामाचोचं. सेनोबिया आयांच्या मंडळाची प्रमुख. तिचा नवरा चिलीत द्राक्षं तोडायला गेलेला. तिच्या जोसेलिनचं जावळ काढलं तेव्हा पहिली बट बासीलियाने कापली होती. त्या नात्याने जोसेलिन तिची मानसकन्या आणि त्या दोघी एकमेकींच्या कोमाद्रे, म्हणजे बहिणींपेक्षाही जवळच्या. बहिणीशी भांडण झालं तर निदान बोलणं बंद करता येतं.

ऑगस्टमध्ये आठ वर्षांच्या जोसेलिनचा डावा डोळा सुजला. पापणी जांभळी, बंद, पण दुखत नव्हती. बासीलियाने पाहिलं आणि ओळखलं. दवाखान्यातल्या भिंतीवर अशाच डोळ्याचं चित्र होतं.

"हिचं रक्त तपासायला हवं," ती म्हणाली.

"मधमाशी चावलीय," सेनोबिया म्हणाली.

"मधमाशी चावली असती तर पोरीने गाव डोक्यावर घेतलं असतं. कोमाद्रे, ही बिंचूका आहे."

"माझ्या घरात?" सेनोबियाचा आवाज चढला. "माझ्या घरात जमिनीवर वाढून जेवशील तू! स्वतःच्या घरातले किडे मोज आधी."

बासीलिया तालुक्याला गेली. तिथे नव्याने आलेली डॉक्टर वानिया होती, तरुण आणि घाईत. ती म्हणाली, "लहान मुलांना औषध चांगलं लागू पडतं. साठ दिवस गोळ्या, आणि बहुतेक मुलं बरी होतात. जितकी वर्षं जातात तितका भरवसा कमी. पण आईची सही हवी." आईची सही मिळणार नव्हती. मग एकच वाट उरली होती. कापणीनंतर शाळेत सगळ्याच मुलांचं रक्त घ्यायचं, असं ठरलेलं होतं. थाकोमायू त्या यादीत होतं. सरसकट घेतलं की कुणाच्या घराकडे बोट दाखवल्यासारखं होत नाही आणि कुणाची आई आडवी येत नाही. बासीलिया दिवस मोजत बसली.

ऑक्टोबरमध्ये पत्र आलं. सलग तीन वर्षांच्या तपासणीत एकही किडा न सापडल्यामुळे थाकोमायू बिंचूकामुक्त गाव जाहीर होणार. बक्षीस म्हणून शाळेच्या मैदानावर पत्र्याचं छप्पर. नगराध्यक्ष स्वतः येणार.

"आणि शाळेतली रक्ततपासणी?" बासीलियाने विचारलं.

"मुक्त गावात तपासणी कशाला?" पत्र घेऊन आलेला कारकून म्हणाला. "तुमचं नाव त्या यादीतून काढलं. आनंदाची बातमी आहे, दोन्या!"

समारंभाला बँड होता. डुक्कर भाजलं होतं. टेबलावर विणलेलं लाल-हिरवं कापड, त्यावर गावाची ठरावांची जाडी वही. नगराध्यक्षांनी भाषणात स्वच्छतेचं कौतुक केलं, तेव्हा बायकांच्या माना ताठ झाल्या. ताता क्रिस्पीनने सही केली आणि संघटनेचा शिक्का मारला. मास्तरांनी सही केली, शिक्का मारला. सेनोबियाने आयांच्या मंडळाचा शिक्का शाईत दोनदा दाबून मारला. आपल्याकडे शिक्क्याशिवाय कागद म्हणजे निव्वळ सरपण. शेवटी स्वयंसेवकाची सही. नगराध्यक्षांनी स्वतः पेन पुढे केलं.

बासीलियाने पेन घेतलं, त्याला टोपण लावलं आणि टेबलावर ठेवलं.

"नाही."

"काय नाही?"

"सही नाही."

बँडवाल्यांपैकी एकाला वाटलं आपली पाळी आली. त्याने तुतारी तोंडाला लावली, कुणीतरी त्याच्या पोटात कोपर मारलं.

इंजिनियर मोंतान्यो वाईट माणूस नव्हता. तो समजुतीने बोलला. "दोन्या बासीलिया, तीन वर्षं मी स्वतः शोधलंय. एक नाही सापडला."

"मला यंदा एकसष्ट सापडले." तिने वही टेबलावर आपटली.

त्याने पानं उलटली. "यात नावं कुठे आहेत? कुणाच्या घरातले?"

"गावातले."

"नाव नसलेला किडा कुठल्याही गावचा असू शकतो. असा पुरावा मी वर कसा पाठवू? सांगा, आत्ता सांगा. कुणाकुणाची घरं?"

बासीलियाने वर पाहिलं. एकसष्टच्या एकसष्ट किड्यांची घरं तिला नावानिशी पाठ होती. समोर त्याच बायका उभ्या होत्या, सणाच्या उंच पांढऱ्या टोप्या घालून, आणि एकीच्याही चेहऱ्यात रक्त उरलं नव्हतं. नावं घेतली तर तपासणी परत मिळते. पण मग उद्यापासून एकही पिशवी तिच्या दारात येणार नाही, आणि आपलेच दात, आपलेच ओठ. तिला त्या बायकांचा इतका संताप आला की कानशिलं तापली. तरी ती म्हणाली, "नावं सांगणार नाही. सहीही करणार नाही."

मग मात्र गाव उसळलं. "छप्पर जाईल बाई!" ताता क्रिस्पीन ओरडला. "बारा वर्षं तू किड्यांशी खेळलीस, आता पोरांना तरी खेळू दे!"

"खेळायला पोरं उरू देत आधी, क्रिस्पीन! तुझा बाप कसा गेला? उभ्या उभ्या गेला. त्याच्या डोक्यावर छप्पर होतं की नव्हतं?"

"हिला पायउतार करा!" मागून कुणी बाई ओरडली. आवाज बासीलियाने ओळखला. वहीत तिचे चार किडे होते.

इंजिनियरने हात वर केला. स्वयंसेवकाने लेखी हरकत घेतली तर आठ दिवसांनी पुन्हा तपासणी करावी लागते, असा नियम आहे, तो म्हणाला. "पण अट ऐका. जिथे मुलं झोपतात अशा घरात किडे सापडायला हवेत. सापडले तर गाव पुन्हा यादीत, मुलांचं रक्त घेऊ. नाही सापडले, तर तुमच्या सहीवाचून कागद होईल."

बासीलियाने तिसरीपर्यंत शिकलेल्या अक्षरात हरकत लिहिली. तिला वेळ लागला. सगळं गाव, नगराध्यक्ष आणि थंड होत चाललेलं डुक्कर तिच्यासाठी ताटकळलं, आणि तिने एकेक अक्षर घाई न करता काढलं.

दुसऱ्या दिवसापासून ती दारोदार फिरू लागली. एकच सांगत होती: झाडू नका. लिंपू नका. गिनीपिग आहेत तिथे राहू द्या.

याहून वाईट काही मागता आलं नसतं. "परकर सोडून दारात उभी राहा म्हण, ते जमेल," एक म्हातारी म्हणाली. दुसरी म्हणाली, "माझ्या सासूला कळलं तर?" तिची सासू मरून सहा वर्षं झाली होती. एका बाईने सरळ दार लावून घेतलं. काहीजणी हो म्हणाल्या, पण त्या तर नेहमीच हो म्हणत.

सेनोबिया ओढ्यावर धुणं धूत होती. बासीलिया काठावर उभी राहिली.

"तुझ्या घरी मूल झोपतं, कोमाद्रे. माझ्या घरी मी एकटी. माझं घर कामाचं नाही."

"पाहुणा दारात आणि घरात लेंड्या?" सेनोबियाने चादर दगडावर आपटली. "माझी आई थडग्यातून उठून येईल."

"येऊ दे. ती कशाने गेली तेही तिलाच विचारू."

सेनोबियाने बादली उचलली आणि साबणाचं सगळं पाणी बासीलियाच्या अंगावर फेकलं. काठावरच्या बायका बघत राहिल्या. बासीलियाने तोंडावरून हात फिरवला.

"फेक आणखी. ओढा भरलेला आहे," ती म्हणाली. "तुझं घर स्वच्छ आहे हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. तुझ्या पोरीचं रक्त कसं आहे ते मात्र कुणालाच ठाऊक नाही. तुलाही नाही. तू हवी तेवढी झाडत बस. झाडूने रक्त साफ होत नाही."

ओल्या परकराने ती घरी गेली. भांडण जिंकल्यासारखं तिला मुळीच वाटलं नाही. भीती वाटत होती. पोरगी आठ वर्षांची होती, आणि फोर्तुनातोही कधीतरी आठ वर्षांचा होता.

आठव्या दिवशी इंजिनियर दोन मदतनीस, विजेऱ्या आणि किड्यांना फटीतून बाहेर काढायच्या औषधाचा डबा घेऊन आला. बासीलिया म्हणाली, "आधी माझं घर."

"ते धरता येणार नाही, दोन्या. मूल नाही तिथे."

"नका धरू. पण बघा. आणि नाव मोठ्याने लिहा."

गाव दारात जमलं होतं. त्यांच्यादेखत इंजिनियरने तिच्या गादीखालून नऊ किडे काढले. ओरेल्याना बासीलिया, अंथरूण, नऊ, असं तो बोलत बोलत लिहीत होता. बारा वर्षं गावाला स्वच्छता शिकवणाऱ्या बाईच्या अंथरुणात नऊ! मागे खसखस पिकली. "हसा," बासीलिया म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण मान खाली गेली नाही. "हसून झालं की आपापली दारं उघडा."

म्हाताऱ्यांची तीन घरं झाडलेली नव्हती. तिन्ही घरांत किडे निघाले, पण तिथे मुलं झोपत नव्हती. जिथे मुलं होती ती घरं लखलखीत. ओल्या चुन्याचा वास, रिकामे कोपरे. एक शून्य, दुसरं शून्य, असं करत नऊ शून्यं झाली. प्रत्येक शून्याबरोबर बासीलियाचा जबडा आणखी आवळत गेला. एका घरात तर बाईने इंजिनियरला उकडलेला मका पुढे केला. बासीलियाने ती ताटली मधेच हातात घेऊन तिच्याच चुलीवर नेऊन ठेवली. "आज हा माणूस जेवायला आलेला नाही," ती म्हणाली.

शेवटचं घर सेनोबियाचं. दार उघडं होतं.

आत पाऊल टाकल्याबरोबर गिनीपिग चिरकत पळाले. चुलीजवळ गवत पसरलेलं, लेंड्या पडलेल्या. भांडी तशीच. जोसेलिनची गादी विस्कटलेली, त्यावर घोंगडी जशी सकाळी फेकली असेल तशी. खोलीच्या मधोमध सेनोबिया उभी होती, नवा परकर, चापून घातलेल्या दोन वेण्या, सणाची टोपी. स्वतः सजली होती, घर मात्र तसंच ठेवलं होतं. तिच्या घराचा तो अवतार बघायला दारातल्या बायका टाचा उंचावू लागल्या.

"या इंजिनियर," ती म्हणाली. "बसा म्हणणार नाही. शोधा."

मग बासीलियाकडे न बघता तिने सांगितलं. "काल झाडायला घेतलं. पोरीची उशी उचलली. खाली एक बसला होता. मग उशी तशीच ठेवली."

इंजिनियरने गादीमागच्या फटीत औषध फवारलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग एक मोठा किडा बाहेर आला, अडखळत. त्यामागे दुसरा. मग पिल्लं, मसुराएवढी, फुगलेली, लाल. इंजिनियर चिमट्याने उचलत गेला आणि मदतनीस मोजत गेला. चौदावर सेनोबिया म्हणाली, "थांबा. त्या लहानांच्या पोटात रक्त आहे का?"

"आहे."

"कुणाचं?"

इंजिनियर पिशवी बांधू लागला.

"मी विचारलंय तुम्हाला."

"इथे कोण झोपतं?" त्याने हळू विचारलं.

"माझी मुलगी."

"मग तिचं."

सेनोबियाने मान हलवली. "लिहा. सेनोबिया कामाचो. घर माझं, अंथरूण माझ्या पोरीचं. शिक्का हवा असेल तर तोही देते."

दारातली गर्दी हलली. आधी एक बाई निघाली, मग दुसरी, मग चौघी-पाचजणी ओढ्याच्या दिशेने चालू लागल्या, मग पळू लागल्या. थोड्या वेळाने त्या खोपटातून आपापली अंथरुणं डोक्यावर घेऊन परत आल्या. आमचं पुन्हा बघा, आमचं शून्य खोडा, असा त्यांनी इंजिनियरभोवती कालवा केला. क्रिस्पीनची सून सर्वांत पुढे होती. ताता क्रिस्पीन मैदानाकडे बघत एकटाच उभा होता. छप्पर आता काही येत नव्हतं, आणि त्याबद्दल तो पुढे कित्येक वर्षं बासीलियाला टोमणे मारणार होता.

"तू मला बादलीभर साबणाचं पाणी देणं लागतेस, तुझ्या अंगावर फेकायला," बासीलिया सेनोबियाला म्हणाली.

"बादली घेऊन ये, भरून देते," सेनोबिया म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला. बासीलियाने तिला जवळ घेतलं नाही. तसं केलं असतं तर दोघी रडल्या असत्या, आणि इंजिनियरच्या अजून सहा घरांना फेऱ्या बाकी होत्या.

शाळेत सव्वीस मुलांचं रक्त घेतलं. तीन आठवड्यांनी डॉक्टर वानिया कागद आणि गोळ्यांची खोकी घेऊन आली. वर्गात सगळ्यांच्या आया बसल्या होत्या, काही बापही. बासीलिया खिडकीजवळ उभी होती. बसायला सांगितलं होतं म्हणून उभी.

"सव्वीसपैकी सात मुलांना आजार आहे," डॉक्टर म्हणाली. "मी एकेका आईला बाहेर बोलावते. नावं अशी सगळ्यांसमोर सांगायची पद्धत नाही."

"का नाही?" सेनोबिया उठली.

"तुम्हाला अवघड वाटू नये म्हणून."

"आम्हाला अवघड वाटत होतं म्हणूनच तर हे झालं. इथेच वाचा. कुणाची हरकत आहे?" तिने वळून पाहिलं. एका बाईने तोंडाला शाल लावली होती, पण तिनेही मान हलवून नाही म्हटलं. "वाचा, डॉक्टर. मोठ्याने."

डॉक्टर वानियाने बासीलियाकडे पाहिलं. "माझ्याकडे काय बघता?" बासीलिया म्हणाली. "या बायांनी सांगितलंय."

डॉक्टरने पहिलं नाव वाचलं. क्रिस्पीनचा नातू. दुसरं वाचलं. मग कागदावरून तिची नजर क्षणभर वर आली आणि तिने तिसरं वाचलं, जोसेलिनचं, आणि ती थांबली. बासीलियाच्या हातात खिडकीची चौकट होती, ती तिने घट्ट धरली.

सेनोबिया उभीच होती. तिने डोळे पुसले नाहीत.

"थांबू नका," ती म्हणाली. "अजून चार आहेत. वाचा."